पितळी बूच

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
२० जानेवारी २०२५

मल्हारभाऊजी,

मी सत्यशीला. तुमची वहिनी म्हणवून घ्यायचा हक्क उरलाय की नाही ते माहीत नाही, म्हणून नावच लिहिते. तीन वेळा फोन लावला, तुम्ही उचलला नाही. दाभोळच्या यार्डाचा पत्ता यांच्या वहीत सापडला. तुम्ही अजून तिथंच बोटी दुरुस्त करता असं भावकीतले बन्सीआबा म्हणाले.

तुमच्या दादांना जाऊन मार्चमध्ये वर्ष होईल. दहाव्याला तुम्ही घाटावर आलात, कावळा शिवेपर्यंत थांबलात आणि घरी न येता तिथूनच गेलात. मी पाहिलं होतं. बोलवायला हवं होतं. पाय हलला नाही.

पत्राचं कारण बोट. तुम्हीच कोकणातून शोधून पाठवलेली ती जुनी, दोन माणसं झोपतील एवढी खोली असलेली. अजून अंगणातच आहे. ताडपत्री फाटली, ऊन लागून ती पांढरी फटक पडलीय. हात लावला की पिठाच्या चक्कीतून आल्यासारखा हात होतो. सत्यम म्हणतो भंगारात देऊ. सून अपेक्षा म्हणते, आई, जागा मोकळी झाली तर गाडी आत येईल. दोघांचं चूक नाही.

पण यांना ती नाथसागरावर न्यायची होती. तुमच्या घरची मेंढरं ज्या वाटेनं जायची ती वाट धरणाखाली गेली, त्या वाटेवरून आठ दिवस पाण्यातून फिरायचं, तिथंच रांधायचं, तिथंच झोपायचं, असं ते वाळूजच्या कंपनीच्या बसची वाट बघताना मला सांगायचे. मी हसायचे. आता मला ते करायचंय. हा वरचा थर, जेलकोट म्हणतात ना, तो परत चमकतो का? कसा करायचा? मी वाचून करू शकते. वयाच्या तिसाव्या वर्षी सत्यमच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले, आता वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणते. सोपं लिहा म्हणजे झालं.

आणि मागं, तळाशी, जे भोक आहे त्याचं बूच सापडत नाही. केवढं आणू?

तब्येत जपा.
सत्यशीला


दाभोळ
९ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

पत्र मिळालं. फोन मी घरच्या कुणाचाच उचलत नाही, तुमचा एकटीचा नाही.

जेलकोट मेला की जिवंत ते आधी बघा. पांढरं पडलेल्या जागी पाणी मारा. ओलं असताना मूळ रंग दिसला तर जिवंत आहे, वरचीच साल गेलीय. दिसला नाही तर भंगारवाल्याला बोलवा.

जिवंत असेल तर असं करा. साबणाच्या पाण्यानं धुवा. तारेची घासणी, राख, चिंच, घरातलं काही लावू नका. उन्हात काम करायचं नाही, सकाळी सावली असेल तेव्हाच. आठशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, मग बाराशे, मग पंधराशे. हात हलका. जेलकोट दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होईल तेवढाच जाड असतो. खालचं फायबरचं जाळं दिसायला लागलं तर थांबा, तिथं मग कुणाचं काही चालत नाही. त्यानंतर कंपाउंड, म्हणजे चकाकी आणायची पेस्ट, मऊ कपड्यानं गोल गोल. शेवटी वॅक्स, दोनदा. आधी हातभर जागा करून बघा, सगळ्या बोटीला हात घालू नका.

दादाला मशिननं बफिंग करायची घाई असायची. तुम्ही हातानंच करा.

मल्हार


हर्सूल
२ मार्च २०२५

भाऊजी,

जिवंत आहे. पाणी मारलं आणि बाजूचा निळा पट्टा असा वर आला की मी बादली खालीच ठेवली. सुकला की परत पांढरा. मग मी पुन्हा पाणी मारलं. असं चार-पाच वेळा केलं, कामाचं काही नव्हतं त्यात.

सकाळी सहा ते नऊ करते. एक बाजू पेपर मारून झालीय. पहिल्या दिवशी एका जागी जोर जास्त झाला, तुम्ही सांगितलेलं जाळं दिसलं. रुपयाएवढं आहे. लपवायला जाऊ नका, नीट भरा, असं तुम्ही म्हणाल, तर कशानं भरू तेही सांगा. दंड भरून येतात. गल्लीतल्या बायका विचारतात, काकू, जहाज घेऊन मक्केला का काशीला? साळूआत्या परवा येऊन बसल्या. म्हणाल्या, नवरा गेल्यावर बाईनं जपमाळ धरायची, हिनं पॉलिशपेपर धरलाय. मी म्हटलं, दोन्हीनं बोटंच झिजतात, आत्या. त्या हसल्या आणि मग तासभर कापड भिजवून द्यायला बसल्या.

आतली फळी मात्र गेलीय. खोलीतला प्लायवूड भिजून सुटला, बोट घातलं तर आत जातं. राजकुमार सुतार बघून गेला. म्हणाला, काकू, हिच्यात महिनोन्‌महिने पाणी साठून राहिलेलं दिसतंय. मी बरं म्हटलं.

बुचाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत.

यांचं वर्षश्राद्ध याच महिन्यात आहे. येणार नाही हे माहीत आहे, तरी कळवते.

सत्यशीला


दाभोळ
२३ मार्च २०२५

वहिनी,

रुपयाएवढ्या जागेला जेलकोटची पेस्ट मिळते, हार्डनरचे थेंब मोजून घाला, वर प्लास्टिकचा कागद चिकटवा, दुसऱ्या दिवशी घासून सारखं करा. रंग थोडा वेगळा दिसेल. दिसू द्या.

फळी टाकताना मरीन प्लायच घ्या आणि कापलेल्या कडांना रेझिन पाजा. सामान लावताना तुमच्या सासूबाईंची, बानाकाकूची पद्धत धरा. ती घोड्यावर बिऱ्हाड लादायची ते आठवतं? तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा शेवटची दोन वर्षं पाहिलंय तुम्ही. जड ते तळाला, दोन्ही बाजू सारख्या, पहिल्यांदा लागणारं सगळ्यात वर. बोटीचंही तेच. पाण्याचे कॅन तळाला, एक इकडं एक तिकडं. शेगडी कंबरेच्या उंचीला, हलणार नाही अशी बांधून. नांगर आणि दोरी पुढं, हाताला येईल तिथं. पाणी उपसायचा हातपंप. लाईफ जॅकेट दोन, आणि ते घालायचे, उशाला घ्यायचे नाहीत. काकूच्या बिऱ्हाडातून कधी वाटी पडली नाही.

आता बुचाचं. मुद्दामच लिहिलं नव्हतं.

फळी कुजली ते माझंच पाप, असं सगळे म्हणतात. २०१८ च्या मे महिन्यात आठ दिवस मी दादाबरोबर त्या बोटीवर काम केलं. जमिनीवर असलेल्या बोटीचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी मागल्या भोकातून निघून जातं. हे मला झोपेतही चुकायचं नाही. आणि दिवाळीनंतर सत्यमच्या साखरपुड्यात, शंभर माणसांत, दादा म्हणाला, याला एक बूच काढता येत नाही, वर आटे चुकवून ठोकून गेलाय, चार महिने माझी बोट पाण्यानं भरली, आणि हा म्हणे बोटीचा कारागीर. माणसं हसली. मी म्हटलं, दादा, मी काढलं होतं. तो म्हणाला, मग ते चालत जाऊन बसलं का?

वहिनी, मला आठवतं की निघताना मी ते बूच तुमच्या हातात दिलं. तुम्ही ओट्यावर भाकरी थापत होता. मी म्हटलं, हे जपून ठेवा. तुम्ही पीठ भरल्या हातानं घेतलं. मी साखरपुड्यात तुमच्याकडं बघितलं होतं. तुम्ही बुंदी वाढत होता.

इतकी वर्षं झाली, आता माझाच भरवसा राहिला नाही. सगळेच म्हणतात म्हणजे मीच विसरलो असेन, हातात देणं स्वप्नात पाहिलं असेन. इथं यार्डात प्रत्येक बोटीचं बूच मी तीन-तीनदा जाऊन बघतो. पोरं हसतात.

दिलं होतं का नव्हतं, एवढं सांगा.

मल्हार


हर्सूल
१८ मे २०२५

भाऊजी,

तुम्ही एका ओळीचं उत्तर मागितलं आणि मी दोन महिने लावले. बोटीचं काम सांगून पत्र भरावं असं तीनदा केलं आणि तिन्ही फाडली.

दिलं होतं. पितळी, थंड, माझ्या पिठाच्या हातात. मी ते मिसळणाच्या डब्याच्या मागं ठेवलं.

पुढचंही लिहिते. जून लागला तशी एक उंदीर त्या भोकातून आत जायला लागला. यांनी नव्या गाद्या करून आत ठेवल्या होत्या, एका गादीचा कोपरा कुरतडला. हे हळहळतील म्हणून मी ठरवलं भोक बंद करायचं. भोक पाण्यासाठी असतं हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या डोक्यात साधा हिशेब, बोटीला भोक म्हणजे दोष, आणि बूच दिलंय म्हणजे ते लावायचंच असणार. त्याला आटे असतात, फिरवून बसवायचं असतं, हेही कळलं नाही. सैल वाटलं म्हणून आत्याबाईंच्या, तुमच्या बानाकाकूंच्या, हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. गोधडीसाठी ते फाडून ठेवलं होतं. मग वरवंट्यानं ठोकलं. चांगलं घट्ट बसलं म्हणून मला बरंही वाटलं. हे वाळूजला कामावर होते.

मी भोळेपणानं केलं एवढंच लिहिलं तर तेही पुरं खरं होणार नाही. त्या बोटीचा मला राग होता. रविवार तिचा, बोलणं तिचं. पाऊस लागला तेव्हा ताडपत्री उडालेली मी पाहिली आणि ओढून घेतली नाही. मनात आलं, भिजू दे.

साखरपुड्यात यांनी ठोकलेलं बूच म्हटलं त्याच क्षणी मला कळलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत तेही कळलं. समोर नवे सोयरे बसले होते. सासूबाई बावळट म्हणून अपेक्षाच्या माहेरी गोष्ट झाली असती, एवढीच भीती. तेवढ्यासाठी मी तुमच्या पानात दोनदा बुंदी वाढली. तुम्ही न जेवता उठलात.

नंतर रोज वाटायचं यांना सांगावं. मग वाटायचं, आता इतके दिवस झाले, इतके दिवस का नाही सांगितलं ते आधी सांगावं लागेल. मग वर्षं झाली. मग ते गेले. ते भावावर रुसून गेले आणि तो रुसवा माझा होता.

तुमची आठवण खरी आहे. तुम्ही काही विसरला नव्हता. तुमचा हात चुकला नाही.

माफी मागायची पद्धत मला माहीत आहे, पण ती लिहिली की तुम्हाला काहीतरी द्यावं लागेल असं होईल. म्हणून लिहीत नाही.

सत्यशीला


हर्सूल
२२ जून २०२५

भाऊजी,

उत्तर आलं नाही. मागतही नाही. एक झालेलं कळवायचं आहे.

काल नात राजनंदिनीचा पहिला वाढदिवस होता. साखरपुड्याला होती ती जवळपास सगळी माणसं होती, बन्सीआबा, साळूआत्या, अपेक्षाचे आईवडील. जेवणं व्हायच्या आत मी उभी राहिले आणि सांगितलं. तुम्हाला लिहिलं तेवढंच, तसंच. ताडपत्रीचंही सांगितलं.

मग बन्सीआबा म्हणाले, "म्हंजे मल्हाऱ्याला आपण सात वर्षं उगाच खाल्लं." साळूआत्या म्हणाल्या, "तवा तोंडात काय धरलं होतंस गं?" मी म्हटलं, बुंदीचं ताट. अपेक्षाचे वडील पायाकडं बघत होते. सत्यम उठून बाहेर गेला. तो अजून माझ्याशी सरळ बोलत नाही, साखर दे, पाणी दे, एवढंच. त्याच्या साखरपुड्याची गोष्ट आहे, त्याला राग यायचाच.

बन्सीआबांनी यांच्याबद्दल एकच प्रश्न विचारला. "शिवाला ठावं होतं का?" मी म्हटलं नाय. ते म्हणाले, नाय म्हणतेस का ठाऊक नाय म्हणतेस? मी पानं वाढायला वळले.

बोटीचं वॅक्सिंग झालंय. बूच नाही, म्हणून भोक उघडंच आहे आणि पाणी आपोआप निघून जातं. पाऊस लागला की मी खाली वाकून बघते. धार लागलेली असते.

सत्यशीला


दाभोळ
३ ऑगस्ट २०२५

वहिनी,

बन्सीआबाचा फोन आला होता. त्याचा उचलला. म्हातारा रडला, मला काही सुधरेना.

तुमचं मे महिन्याचं पत्र मी वाचलं आणि सरळ समुद्रावर गेलो. इतका राग आला होता की तुम्ही समोर नव्हता ते बरं. अजून आहे. सात वर्षं मी माझ्या हातावर विश्वास ठेवला नाही. राग गेला की कळवीन, खोटं लिहीत नाही.

पण मलाही एक सांगायचंय. पहिल्या पत्रात तुम्ही बुचाचं विचारलंत तेव्हा मी गप्प बसलो त्याचं कारण ते माझ्याकडं आहे.

२०२१ साली दादानं पोस्टानं एक पुडकं पाठवलं. आत तेच पितळी बूच. आटे रगडलेले, पान्यानं ओढून काढल्याच्या खुणा. त्याला कापडाची एक चिंधी गुंडाळलेली, आणि चिठ्ठी, 'बसवायला ये. शिवा.' एवढीच.

मला वाटलं टोमणा. शंभर माणसांत ज्या बुचावरून लाज काढली तेच घरपोच पाठवलं, वर बसवायला ये म्हणतो. चिंधी पॅकिंगची समजलो. मी बूच ट्रंकेत टाकलं आणि उत्तर दिलं नाही. तो तीन वर्षं होता त्यानंतर.

तुमचं पत्र आल्यावर ट्रंक उघडली. वहिनी, चिंधी हिरवी आहे. अर्धी पितळेच्या गंजानं काळी पडलीय, पण काठ दिसतो. बानाकाकूच्या लुगड्याचा काठ. मी पाच वर्षांचा असल्यापासून मेंढरामागं चालताना तो काठ माझ्या डोळ्यासमोर होता, आणि मी ओळखला नाही. दादानं ओळखला असणार. बूच निघालं तेव्हाच ओळखला असणार. त्यानं मला सगळं सांगितलं होतं, फक्त तुमचं नाव न घेता. आणि मला वाचता आलं नाही.

तेव्हा एकट्या तुम्हीच गप्प नव्हता.

चिंधी पाकिटात घालतोय, ती तुमच्या घरची आहे. बूच माझ्याकडं ठेवतो. आटे लेथवर नीट करून घेतले, आता हातानं बसतं.

मल्हार


हर्सूल
१७ ऑगस्ट २०२५

भाऊजी,

चिंधी मिळाली. दोन दिवस देवाजवळ ठेवली, मग काढली. तिथं ठेवायची ती वस्तू नव्हे. आता माझ्या वाचायच्या पुस्तकात खूण म्हणून आहे.

एक आठवलं ते सांगते. साखरपुड्यानंतरच्या थंडीत, एका रविवारी हे दिवसभर बोटीखाली होते. जेवायला बसले, हाताला काळं लागलं होतं. मी भाकरी वाढली तर म्हणाले, "आईचं ते हिरवं लुगडं कुठंय गं?"

मी म्हटलं, फाटलं होतं, गोधडीत घातलं.

ते म्हणाले, "सगळं?"

मी म्हटलं, व्हय.

मग "बरं" म्हणाले आणि जेवले. त्यानंतर बोटीला त्यांनी हात लावला नाही. मी समजत होते त्यांचा जीव बोटीवरून उडाला. ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते. दार उघडून दिलं होतं, मी आतून कडी लावली. पुढं पाच वर्षं त्यांनी माझ्या हातचं खाल्लं आणि एकदाही परत विचारलं नाही. भावाला दूर ठेवून त्यांनी माझी लाज राखली. हे मी आता कुणाजवळ फेडू ते कळत नाही. तुमचा राग निदान पत्रानं येतो.

सत्यम काल खाली वाकून त्या भोकातली धार बघत होता. म्हणाला, आई, एवढंसंच होतं? मी म्हटलं, एवढंसंच. मग त्यानं नाथसागरावरच्या परवानगीचा अर्ज लिहायला कागद मागितला.

बोट तयार आहे. सामान आत्याबाईंच्या पद्धतीनं लावलंय. जड ते तळाला, दोन्ही बाजू सारख्या, सगळ्यात वर चहाचं भांडं. निळा पट्टा आता कोरडा असतानाही निळा दिसतो. रुपयाएवढा डाग मात्र वेगळा दिसतो, तो तसाच ठेवलाय.

दिवाळीनंतर, पाणी निवळलं की, तुम्हाला जमेल त्या दिवशी. राग घेऊनच या, बोटीत जागा आहे. बूच तुम्ही बसवा, माणसं काठावर असतील, त्यांच्या देखत. आठ दिवसांनी बोट बाहेर काढाल तेव्हा ते काढून पुन्हा माझ्या हातात द्या. मी काय करते ते मग बघा.

सत्यशीला